हॉलमध्ये एकाहून जास्त सबवूफर: घुमणारा बेस, हरवणारा बेस

घुमारी (धागालेखक)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता डोकं चालेनासं झालं म्हणून धागा काढतोय.

पुण्यातला फ्लॅट. हॉल आणि डायनिंग सलग, आतून मोजलं तर २२ फूट लांब, ११ फूट रुंद, उंची साडेनऊ. टीव्हीच्या भिंतीशी दोन बुकशेल्फ स्पीकर, साडेसहा इंची वूफरचे. साधा स्टीरिओ अँप. उजव्या कोपऱ्यात १० इंची सब (सबवूफर, फक्त बेस वाजवणारा स्पीकर). सोफा खोलीच्या बरोबर मधोमध, कारण त्याच्या पाठीमागे डायनिंग सुरू होतं.

तक्रार अशी. बेस गिटार वर-खाली फिरतं तेव्हा एखादा सूर अंगावर येतो आणि दुसरा एखादा पार गायब. सब वाढवला की अंगावर येणारा आणखी माजतो, हरवलेला हरवलेलाच. गंमत म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे मागच्या कोपऱ्यात उभं राहिलं की बेसच बेस. आई तिथून ओरडते, "अरे कमी कर, भांड्यांची मांडणी थरथरतेय," आणि मी इकडे सोफ्यावर बसून आवाज वाढवत असतो.

एका दुकानदाराने सांगितलं १२ इंची घ्या. मित्र म्हणतो आहे तसाच आणखी एक घे. दोन म्हणजे दुप्पट बेस ना? मला तर आत्ताच नको तिथे जास्त झालाय. ज्यांनी हे उद्योग केलेत त्यांनी सांगा.

शुद्धकर्ण

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दोन चॅनेलच्या स्वच्छ सिस्टीमला सब म्हणजे मिसळीत केचप. सब सुस्त असतो, स्पीकरच्या मागे रेंगाळतो. आहे तो विका, पैसे साठवा, मोठे फ्लोअरस्टँडर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) घ्या. मी हेच केलं आणि सुखी आहे.

मोजपट्टी

शुद्धकर्ण, तुम्ही सुखी आहात यात आनंद आहे, पण फ्लोअरस्टँडरचा वूफरसुद्धा त्याच खोलीत वाजतो हो. ज्याला आपण "सुस्त" म्हणतो तो बहुतेक वेळा सब नसतोच, खोली असते. सब थांबलेला असतो, भिंती थांबत नाहीत.

घुमारी, तुमची मापं वाचून कपाळाला हात लावला. २२ बाय ११! एक साधं गणित करा. ५६५ ला फुटांनी भागा, म्हणजे त्या दिशेचा पहिला अनुनाद (समोरासमोरच्या भिंतींमध्ये साचून घुमणारा सूर) हर्ट्झमध्ये मिळतो. (आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याचं अर्धं.) लांबीचा पहिला येतो सुमारे २६ वर, दुसरा ५१ वर, तिसरा ७७ वर. रुंदीचा पहिला? तोही ५१ वर. लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असल्यामुळे दोन अनुनाद एकाच आकड्यावर येऊन बसलेत. तुमचा अंगावर येणारा सूर तो हा.

आता सोफा. लांबीच्या बरोबर मध्यावर पहिल्या आणि तिसऱ्या अनुनादाचा दाब जवळपास शून्य असतो, दुसऱ्याचा मात्र शिगेला. म्हणजे सोफ्यावर २६ आणि ७७ कमी, ५१ जास्त. आणि कोपऱ्यात? कोपऱ्यात सगळ्याच अनुनादांचा दाब भरलेला असतो. मातोश्रींच्या मांडणीचं कोडं सुटलं. त्यात तुमचा सब स्वतःही कोपऱ्यात बसलाय, म्हणजे एकूण एक अनुनाद पेटवायला सर्वात सोयीची जागा.

१२ इंची घेतलात तर हाच नकाशा फक्त मोठ्या आवाजात ऐकू येईल. इक्वलायझरने (ठरावीक सूर कमी-जास्त करायची सोय) ७७ चा खड्डा भरायला जाऊ नका. १० डेसिबल वाढवायचे म्हणजे अँपकडून दहापट वॅट मागायचे, आणि ते सगळे तो खड्डा गिळून टाकतो.

पेटीवाला

मी या विषयात ढ, पण आकडे बघून पेटी काढली. ५१-५२ हर्ट्झ म्हणजे काळी चार, अगदी खालच्या सप्तकातली. ७७-७८ म्हणजे त्याच्या वरची काळी दोन. घुमारी, बेस गिटारवाला काळी चारवर आला की भिंत हलते आणि काळी दोनवर आला की तो चहाला गेल्यासारखा वाटतो, बरोबर का?

घुमारी

पेटीवाले, शंभर टक्के! आत्ता फोनवर टोन जनरेटर लावून बघितलं. ५१ ला काचेचं कपाट वाजलं. ७७ ला सोफ्यावर जवळजवळ शांतता, आणि डोकं तीन फूट पुढे नेलं की आवाज परत आला. इतके दिवस मी रेकॉर्डिंगला शिव्या घालत होतो.

मोजपट्टी, मग उपाय दुसरा सब की सोफा हलवायचा? सोफा एखाद-दीड फुटाहून जास्त हलणार नाही. घरच्यांचा व्हेटो आहे.

मंडपवाला

मी पंधरा वर्षं कार्यक्रमांचा साउंड करतोय, म्हणून एक उलटी गोष्ट सांगतो. मैदानावर आम्ही सब पसरून ठेवत नाही. स्टेजच्या डावीकडे एक गठ्ठा, उजवीकडे एक गठ्ठा ठेवला की बरोबर मधल्या रेषेत बेसची गल्ली तयार होते. मध्ये उभा असलेला पाहुणा सुखात, दहा पावलं बाजूच्याला काही नाही. म्हणून सगळे मध्ये एकत्र लावायचे. तिथे भिंती नसतात, सबचे सबशीच भांडण असते.

घरात भिंतींशी भांडण आहे. तिथे गठ्ठा केला तर सगळे मिळून एकच अनुनाद ढकलतात. पहिल्यांदा घरी सिस्टीम लावली तेव्हा मी सवयीने दोन सब एकावर एक रचले होते. आवाज वाढला, घुमणं तसंच. गणपतीतल्या भिंती बघून घरात सब रचणाऱ्यांनो, तो नियम मैदानाचा आहे.

मोजपट्टी

मंडपवाले, तुम्ही अर्धं काम केलंत.

दुसरा सब बेस वाढवायला नाही, बेस सारखा करायला आणायचा असतो. पुढची भिंत आणि मागची भिंत, दोन्हींच्या मध्यावर एकेक सब ठेवून दोन्ही एकाच वेळी ढकलायला लावले, तर लांबीचा पहिला अनुनाद उठतच नाही. एका टोकाला दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला तो कमी व्हायला हवा असतो, आणि तुम्ही दोन्हीकडून सारखाच ढकलताय. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी सारखाच जोर लावल्यासारखं. तिसऱ्या अनुनादाचंही तेच. आणि दोन्ही सब रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे रुंदीचा पहिला अनुनाद त्यांच्या हातात सापडतच नाही.

उरतो लांबीचा दुसरा, ५१ वाला. तो दोन्ही टोकांना एकाच दिशेने ढकलला जातो, त्यामुळे दोन सबनी शमत नाही. त्याला बाजूच्या भिंतीच्या मध्यावरचा सब विरोध करतो. दोन्ही बाजूंना एकेक ठेवता आला तर उत्तमच. हार्मन या ऑडिओ कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोल्यांवर हेच तपासलं होतं. किती सब पुरेत, हा त्यांचा प्रश्न. चार भिंतींच्या मध्यावर चार सब ही मांडणी उत्तम ठरली, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी बराच फायदा पदरात पडतो. त्यापुढे संख्या वाढवून फारसं काही मिळत नाही.

पण आपल्या घरात भिंतीच्या मध्यावर नेमकं दार असतं. तेव्हा ध्वनितज्ज्ञ अर्ल गेडिस यांचा मार्ग: सममितीच्या नादी लागू नका, तीन-चार छोटे सब वेगवेगळ्या ठिकाणी विखरा, एखादा कोपऱ्यात, एखादा कुठे वर, आणि प्रत्येकाची पातळी, वेळ, फेज (लाटेचा चढ-उतार) मोजून जुळवा. प्रत्येकाचे खड्डे वेगळ्या जागी पडतात, म्हणून बेरीज सपाट होत जाते. तुमचे मेन स्पीकरही यात धरायचे, तेही खालपर्यंत वाजतातच.

आणि छोटे म्हणजे खरंच छोटे चालतात. दोन ८ इंची मिळून कोनाचं क्षेत्रफळ एका १० इंचीपेक्षा जास्त होतं. वर्ग करून बघा: ६४ आणि ६४ म्हणजे १२८, विरुद्ध १००.

तिसरामजला

मी या चर्चेतली खलनायिका समजा, मी खाली राहणारी. वरच्यांचा एकच सब आहे आणि रात्री साडेदहाला माझ्या उशीत वाजतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी मोबाईलवरचं अॅप दाखवलं, "बघा ताई, ४० डेसिबलच आहे, नियमाने रात्री ४५ चालतात." आणि मी गप्प. आता तीन-तीन सब लावणार म्हटल्यावर पोटात गोळा आला.

मोजपट्टी

ताई, तुम्ही गप्प बसायला नको होतं. ती अॅप्स बहुतेक "ए" वेटिंगवर, म्हणजे खालच्या सुरांना कमी वजन देऊन मोजतात, नियमातले दिवसाचे ५५ आणि रात्रीचे ४५ हे आकडेही त्याच वेटिंगचे. त्यात ५० हर्ट्झचा आवाज तब्बल ३० डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे बेसने स्लॅब थरथरत असला तरी आकडा निरागस दिसतो. "सी" वेटिंग लावून मोजायला सांगा, त्यात बेस फारसा कापला जात नाही, मग त्यांचा चेहरा बघा. आणि रात्री १० ते ६ ही वेळ नियमात वेगळी धरलेली आहे ती उगाच नाही.

तीन सबची भीती मात्र बाळगू नका. नीट जुळवलेले तीन छोटे सब एकूण बेस कमी ठेवूनही ऐकणाऱ्याचं समाधान करतात, कारण हरवलेला सूर शोधायला तो आवाज वाढवत बसत नाही. जुळवलेले नसतील तर मात्र तुमचा गोळा रास्त आहे.

न्यूजर्सीकर

इथल्या घरात भिंती म्हणजे लाकडी चौकट आणि त्यावर जिप्समची पाटी. बेस अर्धा बाहेर निघून जातो, त्यामुळे अनुनाद इतके तीव्र होत नाहीत. चार वर्षांपूर्वी तोच सब ठाण्याला भावाकडे लावला, आरसीसीच्या नव्या इमारतीत. बाप रे. हंड्यात डोकं घालून ऐकल्यासारखं. इथल्या लोकांचे सल्ले वाचताना हा फरक धरा: ते म्हणतात मोठा सब घ्या, कारण त्यांचा बेस गळतो. आपला गळत नाही, साचतो.

घुमारी

अपडेट. जुन्या १० इंचीच्या जोडीला दोन ८ इंची बंद पेटीचे सब वापरलेले मिळाले, एकाच माणसाकडून, दोन्ही सारखे. मोजायला यूएसबी माइक उसना आणला, मोजणीचं सॉफ्टवेअर आरईडब्ल्यू फुकट आहे.

सबची जागा ठरवायला रांगण्याचा प्रयोग केला. सब सोफ्यावर, माझ्या बसायच्या जागी, खाली पाट. बेसची एक ओळ लूपवर. मग मी भिंतीकडेने गुडघ्यांवर, कान सबच्या उंचीला, जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे खडूने खूण. मुलीने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. सासरेबुवांचा फोन आला, "तब्येत बरी आहे ना?" असो. पण पद्धत चालते. टीव्ही युनिटच्या डावीकडे, कोपऱ्यापासून चार फुटांवर, बेस एकदम सरळ झाला. कोपऱ्यात होता त्याच्या अर्धाही घुमत नव्हता.

आता मांडणी अशी. १० इंची पुढे, टीव्ही युनिटला लागून. एक ८ इंची मागच्या भिंतीला, क्रॉकरीच्या कपाटाशेजारी, जवळपास मध्यावर. दुसरा ८ इंची सोफ्याच्या उजव्या हाताला भिंतीशी. त्यावर आईचा चष्मा आणि लॅम्प असतो, त्यामुळे त्याला घरात साइड टेबल म्हणून मान्यता मिळालीय. डाव्या भिंतीच्या मध्यावर पॅसेज आहे, तिथे चौथा शक्य नाही.

पण लगेच नवीन लचांड. मागचा सब जोडला की कायम "हूंऽऽ". गाणं बंद असलं तरी.

अर्थिंगकाका

मागच्या सबचा प्लग वेगळ्या सॉकेटवर आहे ना? ५० हर्ट्झचा हम आहे. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये फरक असला की केबलच्या शील्डमधून करंट फिरतो. सगळी सिस्टीम एकाच बोर्डवरून घेऊन बघा. आणि हात जोडून सांगतो, प्लगची मोठी पिन काढायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका. हम जाईल आणि एक दिवस माणूस जाईल.

घुमारी

काका, साष्टांग. एका एक्स्टेंशनवरून तिन्ही घेतले, हम गेला. तरी वायरमनला बोलावलं. त्याने डायनिंगचा सॉकेट उघडला तर अर्थची हिरवी वायर मागे नुसती गुंडाळून ठेवलेली, जोडलेलीच नाही! त्याच सॉकेटवर इतकी वर्षं मिक्सर चालत होता. सब घेतला नसता तर कळलंही नसतं.

आता जुळवणी कशी करू? मिनीडीएसपी घेतलाय, प्रत्येक सबची पातळी आणि उशीर वेगळा लावता येणारा डबा, दोन इनपुट, चार आउटपुटचा. अँपच्या प्री-आउटमधून त्यात, त्यातून तीन सबना. मेन स्पीकर थेट अँपवर, माझ्या अँपला हाय-पास (मेनचा खालचा बेस छाटणारी सोय) नाही.

मोजपट्टी

क्रम महत्त्वाचा, बाकी सगळं त्यात सुधारता येतं.

आधी एकेक सब एकटा वाजवून मोजा, तीन सीटवर. एकाच सीटवर मोजलंत तर ती एक खुर्ची राजा आणि बाकीचे रंक. मग पातळी. पुढचा-मागचा सारखा, सोफ्याशेजारचा ४-५ डेसिबल खाली, कारण तो कानाजवळ आहे आणि एकटा असल्यामुळे रुंदीचा ५१ वाला पेटवायची खोडही त्याला आहे.

मग वेळ. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. पुढचा-मागचा ११ फुटांवर, बाजूचा समजा ४ फुटांवर, तर ७ फुटांचा फरक म्हणजे सहा मिलिसेकंदांच्या आसपास. बाजूच्याला तेवढं थांबवा. टेपचा आकडा फक्त सुरुवात आहे. सबच्या आतल्या डीएसपीचाही स्वतःचा उशीर असतो, आणि तुमचा १० इंची वेगळ्या जातीचा आहे. म्हणून अर्धा-अर्धा मिलिसेकंद पुढे-मागे करत तिन्हींची बेरीज बघा. कंटाळा आला तर मल्टी-सब ऑप्टिमायझर नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच काम करतं. वायरलेस किट वापरणारे वाचत असतील तर, किट स्वतःचा उशीर घालते, तो धरूनच बाकीच्यांना थांबवा.

इक्वलायझर सगळ्यात शेवटी, तोही तिन्हींना मिळून एकच, आणि फक्त शेंडे छाटायला. खड्डे तसेच राहू द्या.

क्रॉसओव्हर, म्हणजे सब जिथपर्यंत वाजवायचा ती सीमा, ८० हर्ट्झच्या वर नेऊ नका. त्याच्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला सहसा उमगत नाही, वर गेलात की सोफ्याशेजारचा सब "मी इथे आहे" सांगायला लागेल. मेन खालपर्यंत चालू आहेत, तर ६० पासून सुरुवात करा.

शुद्धकर्ण

एवढा खटाटोप एका बेससाठी. मी माझ्या फ्लोअरस्टँडरवर तानपुरा ऐकतोय.

पेटीवाला

शुद्धकर्ण, हलके घ्या, पण एकदा टोन जनरेटर लावून काळी चार वाजवून बघाच.

घुमारी

दोन रविवार गेले. आकडे देतो. एकटा सब कोपऱ्यात असताना मधल्या सीटवर ५१ चा शेंडा सरासरीच्या १३ डेसिबल वर, ७७ चा खड्डा १५ खाली. पुढचा-मागचा जोडताच ७७ भरला, इक्वलायझर न लावता. हे बघून मी खुर्चीतून उठलो. ५१ तसाच होता, मोजपट्टींनी सांगितल्याप्रमाणे. बाजूचा लावला, उशीर साडेपाचवर बसला (सहावर नाही), तेव्हा तो निम्म्यावर आला. उरलेला एकाच फिल्टरने ५ डेसिबल छाटला. आता २५ ते ९० मध्ये मधल्या सीटवर अधिक-उणे ३, कडेच्या दोन सीटवर ५.

पहिला दिवस मात्र निराशेचा. "बेस गेला कुठे?" असंच वाटलं. घुमण्यालाच मी बेस समजत होतो. तिसऱ्या दिवशी एका जुन्या भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये पखवाजाच्या डाव्या पुडीवर तळवा पडतो आणि मग तो दाबून ओढतो, ते दोन वेगळे ऐकू आले. आधी दोन्ही मिळून एकच "धुम्म" होतं. ते तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग मी अकरा वेळा ऐकलं.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "आज लावलं नाहीस का रे?" लावलेलं होतं. नेहमीपेक्षा मोठ्याने.

तिसरामजला

हे वाचून वरच्यांना धाग्याची लिंक पाठवली. अजून निळी टिक नाही.

मंडपवाला

घुमारी, दोन प्रश्न. रात्री हळू आवाजात मागचा सब झोपतो का? माझा झोपायचा. ऑटो वरून ऑनवर टाकावा लागला. आणि आईची भांड्यांची मांडणी अजून वाजते का?

घुमारी

झोपतो, होय. दोन्ही ८ इंची ऑनवर टाकले.

मांडणी ६० च्या आसपास अजून वाजते. तो बहुधा उंचीचा अनुनाद, ५६५ भागिले साडेनऊ, आणि तिन्ही सब जमिनीवर असल्यामुळे त्याला कुणी विरोधच करत नाही. बाजूचा सब वर उचलून बघायचा विचार होता, पण मग चष्मा ठेवायला जागा राहणार नाही. शोध घेतला तर वाजत होता एकच डबा, रव्याचा, झाकण सैल. खाली जुन्या टॉवेलची घडी घातलीय.